नऊ ढोल्या

माझ्या मामेबहिणीला रानातल्या नऊ ढोल्या ठाऊक होत्या. मला एकही नाही. माझ्याहून वर्षाने लहान, दहावीला गणितात अडकून घरी बसलेली, आणि तरी गावातलं कुणीही रानाबद्दल काही विचारायचं तर तिलाच विचारायचं. मला विचारायचे, मॅडम, चहा घेता का.

ऐंशी साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. बी.ए.ची परीक्षा देऊन मी नागपूरहून पोंभुर्ण्याकडे मामाच्या गावी गेले होते. गावामागचं जुनं रान साफ तोडून तिथे नुसता सागवान लावायचं ठरलं होतं. दिल्लीचा नवा कायदा आला होता, पण तो जंगलाची जमीन दुसऱ्या कामाला घेण्याबद्दल होता. जुनं रान पाडून सागवान लावला, तर कागदावर ते जंगलच राहत होतं. ढोल्यांत राहणाऱ्या पाखरांचा त्यात कुठे उल्लेख नव्हता. म्हणून गावाने अर्ज करायचं ठरवलं: कायदा कडक करा, असं रान तोडायलाही परवानगी लागू द्या, घरट्याची झाडं राखा. दिल्लीला जाणारा अर्ज इंग्रजीत हवा, म्हणून मला बसवलं. मी तीन दिवस घासून लिहिला. एवढं तरी माझं एकटीचं होतं.

वनखात्याचे साहेब गावात आले तेव्हा मी अर्ज वाचून दाखवला. आवाज इतका बारीक निघाला की मागच्या बायका आपसात बोलू लागल्या. साहेब मान हलवत घड्याळ पाहत होते. तेवढ्यात मामेबहीण उभी राहिली.

"साहेब, धनेशाची मादी ढोलीत बसली का आतून दार लिंपून घेते. चोच जाईन एवढीच फट ठेवते. नर बाहेरून चारा आणून देते. आता झाड पाडलं, तर ती निंघन कुठून?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. कायद्याची मागणी वर पाठवतो म्हणाले, आणि पावसापर्यंत ती नऊ झाडं राखायचं कबूल केलं. आठवड्याने येतो, झाडं दाखव, असं तिला सांगितलं. तिला. अर्ज माझ्या मांडीवर होता.

त्या आठवड्यात तिचं हसणं, तिचं भाकरी थापणं, सगळंच मला खुपत होतं. ती मला एकदा नऊही झाडं दाखवून आली होती, न मागता, आणि तेही मला सहन झालं नव्हतं. साहेब यायच्या आदल्या दिवशी ती मोहफुलं वाळत घालत होती. मी भिंत सारवायला भिजवलेला गेरू डब्यात घेतला आणि एकटीच रानात गेले. नऊही झाडांना छातीएवढ्या उंचीवर जाड पट्टा मारला. आता साहेबांना झाडं शोधायला तिची गरज नव्हती.

दुपारी जेवताना मी ते सहज सांगितल्यासारखं सांगितलं. मामाचा घास हातातच राहिला.

"ताई," ती म्हणाली, "गेरूचा पट्टा म्हंजे तोडाचं झाड. तू मले काऊन नाई विचारलं?"

त्या वर्षी तोडायच्या तुकड्यात खात्याची माणसं तोडीच्या झाडांना गेरूच लावत. गावातल्या शेंबड्या पोरालाही ते माहीत होतं. तोड सुरू झालेल्या तुकड्यात मी कधी पाय ठेवला नव्हता.

ती हात न धुताच उठली. दोन विळे, पाण्याची घागर, गोणपाटाचे तुकडे. आठ झाडं आम्ही खरवडून, पुसून काढली. ती एका बाजूने, मी दुसऱ्या बाजूने. नववं झाड बेहड्याचं, तोड चालू असलेल्या तुकड्याच्या कडेला होतं. ते आडवं पडलेलं होतं, आणि मजूर फांद्या छाटत होते. ढोलीचं लिंपण फुटून गेलं होतं. तिने आत हात घातला, थोडा वेळ तसाच ठेवला, मग बाहेर काढला. काय लागलं हाताला, ते मी विचारलं नाही. वर नर एका फांदीवरून दुसरीवर जात ओरडत होता.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, हे कसं झालं. मी मान खाली घातली होती.

"चुकी आमची झाली, साहेब," ती म्हणाली. "बाकी आठ पाहून घ्या."

"आमची" म्हणाली. वाचवलं म्हणून मला बरं वाटायला हवं होतं. पण इतकं सरळ, इतकं सहज मोठं होता येतं तिला, याचाच मला हेवा वाटला, आणि तो आधीच्यापेक्षा जास्त जळणारा होता.

अर्ज अजून दिल्लीला जायचा होता, आणि दुसऱ्यांदा लिहायला कागद उरला नव्हता. मी त्यातला नऊ झाडांचा आकडा खोडून वर आठ लिहिला. खाडाखोडीशेजारी लिहिणाऱ्याची सही लागते, मामा म्हणाला. अर्जाखाली पहिली सही तिची होती, मोठ्या गोल अक्षरात, मग गावाच्या सह्या आणि अंगठे. माझी एकच आहे, त्या खोडलेल्या नऊच्या शेजारी.