सांगून जाशीन ना?

नवीन मुलगी कामावर रुजू झाली की बाकीचे तिचं नाव, गाव, शिक्षण विचारत. वनिताताई विचारायच्या, "जातानी सांगून जाशीन ना?" तेही पहिल्याच दिवशी, हातात चहाचा कप देता देता. समोरची गोरीमोरी व्हायची. मीही झाले होते, आणि मी तर अधीक्षक म्हणून आले होते.

वर्ध्याच्या आमच्या मुलींच्या बालगृहात वनिताताई काळजीवाहक होत्या. वेणीफणी, जेवण, तापखोकला, भांडणं, सगळं त्यांच्याकडे. बाकी माणसं टिकत नसत. कंत्राटी नोकरी, आणि कामाला अंत नाही. कोणी तलाठी व्हायचं, कोणाचं लग्न ठरायचं, कोणी नुसतंच थकायचं. शनिवारी "येते" म्हणून गेलेली बाई सोमवारी उगवायची नाही. मग मुली कितीतरी दिवस फाटकाशी जाऊन उभ्या राहायच्या.

म्हणून ताईंनी नेम घालून दिला होता. जाणारीनं मुलींना स्वतः सांगायचं आणि सांगितल्यावर एक दिवस थांबायचं. "रागवू द्या न पोरीइले," त्या म्हणायच्या, "जिच्यावर राग हाये तेच समोर नसली, त कोनावर काढतीन?"

प्राजक्ता आमची समुपदेशक. तिला नागपूरला नोकरी लागली तेव्हा ती मागच्या दारानं निघाली होती. ताईंनी तिची बॅग चक्क धान्याच्या खोलीत ठेवून कुलूप घातलं. "काऊन पळून राह्यली? चोरी केली का?" नऊ वर्षांच्या दीक्षानं त्या दिवशी प्राजक्ताशी अबोला धरला आणि दुसऱ्या दिवशी तिच्याच हातून केस विंचरून घेतले. बैठकांमध्ये मी ही गोष्ट मोठ्या तोऱ्यात सांगायचे. रिकाम्या जागा मात्र भरल्या जात नव्हत्या. गेलेल्यांची कामं ताईंवर पडत गेली, आणि ताई आहेत म्हणून मी निर्धास्त होते. आज ते तोरा मिरवणं आठवलं की कुठं तोंड लपवावं ते कळत नाही.

मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी त्या माझ्या टेबलाशी आल्या. "मॅडम, काल दीक्षा रडून राह्यली होती, अन् मी कपडे वाळू घालत राह्यली. मले काहीच नाई वाटलं." मी म्हटलं, चार दिवस सुट्टी घ्या, बरं वाटेल. त्या सुट्टीवर गेल्या आणि परत आल्याच नाहीत. मुलींना त्यांनी अवाक्षरही सांगितलं नव्हतं. दीक्षा फाटकाशी उभी राहू लागली.

हिवाळ्यात मुलींची सहल बोर धरणाला निघाली. तोवर माझी बदली झाली होती. मुलींना मी सांगितलं नव्हतं. एक दिवस छान घालवावा आणि मग गुपचूप निघावं, असा माझा बेत होता.

सेलूच्या स्टँडजवळ गाडी थांबली, तर समोर संत्र्यांच्या हातगाडीपाशी वनिताताई. त्यांनीही आम्हाला पाहिलं. प्राजक्ताची बॅग कुलपात टाकणारी ती बाई डोक्यावरून पदर ओढून हातगाडीमागे सरकली. उतरून हाक मारावी असं मनात आलं, पण मी जागेवरच बसून राहिले. कुठल्या तोंडानं मारणार होते?

खिडकीशी बसलेल्या दीक्षानं माझी बाही ओढली. "मॅडम, तिकडे नोका पाहू," ती हळूच म्हणाली. "ताईले शरम वाटन." आणि गाडी सुटेपर्यंत ती स्वतःही समोरच्या सीटकडे बघत बसली.

धरणावर मुली डबे उघडू लागल्या तेव्हा मी त्यांना गोल बसवलं. "तुम्हाला एक सांगायचंय," मी म्हटलं. दीक्षानं डब्याचं झाकण परत लावलं.

"कधी जाता, मॅडम?" तिनं विचारलं.