अर्ध्या खेळापुरता नियम

आमच्या सातपूरच्या कॉलनीत पोरं अजूनही ऑफसाइडवरून भांडतात. दोन हजार सालानंतर त्या नियमात पुन्हा काही बदल झाला. नुसता पुढे उभा राहिला म्हणून खेळाडू दोषी नाही, त्याचा खेळाशी संबंध आला तरच दोषी, असं काहीतरी. पोरं आमच्या ओट्यावर बसून त्यावर तावातावाने बोलत होती. एक जण दाराशी आला आणि म्हणाला, "आजी, आजोबांना विचारा ना, त्यांना काय वाटतं ते."

मी म्हटलं, "त्यांना काही वाटत नाही. भांडायचं असेल तर मैदानात जा."

आत माझा नवरा टीव्ही पाहत बसला होता. त्याने आवाज वाढवला.

आमच्याकडे या नियमावरून जे झालं, तेव्हा त्या पोरांचा जन्मही झाला नव्हता, म्हणून सांगते. मी चौथीपर्यंत शिकले. खेळाचं मला कधी कौतुक नव्हतं. माझी चहाची टपरी होती, आठवडाभर कारखान्याच्या गेटसमोर आणि रविवारी मॅच असली की मैदानाच्या कडेला. जे ऐकलं ते तिथेच उभं राहून ऐकलं.

माझा नवरा कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा कापायच्या खात्यात होता आणि रविवारी लाइनमन असायचा. हातात झेंडा घेऊन कडेच्या रेषेवर पळायचं आणि कोणी ऑफसाइड गेला की झेंडा वर करायचा. लाइनमन दोन असतात, प्रत्येकाकडे मैदानाचा अर्धा भाग. ऑफसाइड मला त्यानेच समजावला होता, रेशनच्या दुकानाची रांग सांगून. रांग सोडून आधीच खिडकीपाशी जाऊन उभं राहायचं आणि मागच्याने पुढे सरकवलेली पिशवी घ्यायची, हे चालत नाही. मागचा बॉल मारतो त्या वेळी तुझ्यापुढे समोरच्यांचे दोन जण पाहिजेत, गोलकीपर धरून. इतकंच.

नव्वदीच्या सुरुवातीला हा नियम बदलला. आधी पुढचा खेळाडू आणि समोरचा बचाववाला एका रेषेत असले तरी तो ऑफसाइड धरत. आता एका रेषेत असेल तर चालेल, असं झालं. वीतभर अंतराची गोष्ट. पण ती आमच्याकडे आली तेव्हा कारखान्यात दोन युनियन झाल्या होत्या.

जुनी युनियन होतीच. त्यातून फुटून नवी निघाली होती. दोघींचे बोर्ड गेटवर समोरासमोर. माझ्या टपरीवर आधी एकाच बाकावर दाटीने बसणारी माणसं आता दोन बाकांवर बसू लागली. एकदा दोन माणसांची गेटबाहेर मारामारी झाली, एकाचं डोकं फुटलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याबद्दल कोणी बोललं नाही. न बोलणं मला जास्त वाईट वाटलं. युनियनची निवडणूक जवळ आली होती आणि त्याच सुमाराला कॉलनीची फुटबॉल स्पर्धा. फायनलला दोन्ही युनियनच्या टीम आल्या.

आमच्याकडे एक रीत होती. फायनलच्या आदल्या संध्याकाळी दोन्ही टीम, त्यांचे कॅप्टन, पंच आणि स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाचे लोक मैदानात जमायचे. गोलच्या खांबावर नारळ फोडायचा. खोबरं सगळ्यांनी खायचं. ज्याने खोबरं खाल्लं त्याला नियम मान्य, मग मॅचनंतर तक्रार करायची नाही.

त्या संध्याकाळी नारळ कितीतरी वेळ फुटला नाही. मी चहा घेऊन गेले होते.

नव्या युनियनचा कॅप्टन म्हणत होता, "मुंबईत नव्या नियमाने खेळतात. तुम्ही काय जुनंच चाटत बसणार?"

"मुंबईला जा मग खेळायला," जुन्यांचा कॅप्टन म्हणाला. "तिकीट आम्ही काढून देतो."

"तुमचं सगळंच जुनं. लीडरपण जुना, नियमपण जुना."

"जुन्याच्या जिवावर पगारवाढ खाल्ली ना रे?"

नाशिक रोडहून आलेला रेफरी शाळेत खेळ शिकवायचा. तो म्हणाला, "अहो, नियम बदलला आहे. यात युनियनचा काय संबंध?" त्याच्याकडे कोणी पाहिलंही नाही. मैदानाबाहेर दोन्हीकडची माणसं येऊन उभी राहायला लागली होती. कोणी आरडाओरडा करत नव्हतं. हात मागे बांधून नुसती उभी.

शेवटी मंडळाच्या अध्यक्षांनी तोड काढली. त्यांचा आयुष्यभर एकच धंदा, दोघांनाही नाराज करायचं नाही. ते म्हणाले, "पहिल्या हाफला जुना नियम. दुसऱ्या हाफला नवा. झालं समाधान?"

कोणाचं समाधान झालं नाही, पण कोणी हरलंही नाही, म्हणून सगळ्यांनी मान्य केलं. नारळ फुटला. माझ्या नवऱ्यानेही खोबरं खाल्लं.

घरी येताना तो म्हणाला, "अध्यक्षांच्या एक गोष्ट लक्षात आली नाही."

"काय?"

"हाफ झाला की टीम बाजू बदलतात. मी बदलत नाही. पहिल्या हाफला माझ्या बाजूला आमचे गोल करायला येणार, त्यांना जुना नियम. दुसऱ्या हाफला माझ्याच बाजूला नवीनवाले येणार, त्यांना नवा. एकाच जागी आमच्या माणसासाठी झेंडा वर, त्यांच्या माणसासाठी झेंडा खाली."

आमचे म्हणजे जुने. त्याची वर्गणी जुन्या युनियनला जायची.

मी म्हटलं, "मग परत जा आणि सांगा."

"खोबरं खाल्लंय."

"तर मग उद्या आजारी पडा. रेफरी मॅच संपली की बस धरून नाशिक रोडला जाईल. तुम्हाला इथेच राहायचंय."

तो म्हणाला, "एका रेषेत कोणी येईलच असं थोडीच आहे."

सकाळी पाणी भरायला गेले तर जुन्या युनियनचा एक माणूस नळाजवळ मोटरसायकल लावून उभा होता. एरवी त्या नळावर बायकांशिवाय कोणी नसे. मला म्हणाला, "वहिनी, आज झेंडा जरा सांभाळून धरायला सांगा." हसून म्हणाला. मी हंडा उचलला आणि निघाले.

पहिल्या हाफला जुन्यांनी गोल केला. बॉल जाळीत गेला, लोक नाचायला लागले आणि माझ्या नवऱ्याचा झेंडा वर होता. त्यांचा माणूस समोरच्याच्या अगदी एका रेषेत होता. जुना नियम. गोल रद्द. लोकांनी शिव्या दिल्या, पण खोबऱ्याची आठवण होती, म्हणून शिव्यांवरच राहिलं.

दुसऱ्या हाफला टीम फिरल्या. आता त्याच्या बाजूला नवीनवाले येत होते. मी किटलीवरून मान वर केली नव्हती. खरं म्हणजे मला बघायचंच नव्हतं. पण अचानक सगळं शांत झालं तेव्हा बघावं लागलं. बॉल जाळीत होता. जुन्यांचा फुलबॅक, मागे बचावाला खेळणारा, एक हात वर करून माझ्या नवऱ्याकडे बघत उभा होता, ऑफसाइड मागत. माझा नवरा तिथेच उभा होता, मघाच्याच जागेच्या आसपास, आणि झेंडा खाली, मांडीला लागलेला.

एका रेषेत. नवा नियम. गोल.

त्या एका गोलने नव्या युनियनची टीम जिंकली. कोणी त्याच्या अंगावर गेलं नाही. मला वाटलं होतं जातील, मी चुलीतलं एक लाकूड ओढून हातात घेतलं होतं. पण जुन्यांची माणसं त्याच्या बाजूने शांतपणे चालत निघून गेली. जाताना कोणी चहा घेतला नाही. नवीनवाल्यांनी घेतला आणि मोठमोठ्याने त्याचं कौतुक केलं. त्या कौतुकाने उरलंसुरलं बिघडवलं.

आता तो फुलबॅक कोण, ते सांगायला हवं. तो प्रेसवर माझ्या नवऱ्याचा जोडीदार होता. मोठ्या प्रेसवर दोन माणसं लागत. माझा नवरा दोन्ही हातांनी पत्रा डायमध्ये, म्हणजे खालच्या साच्यात ठेवायचा, नीट बसवायचा, हात बाहेर काढायचा आणि म्हणायचा, "हां." त्यावर जोडीदार पायाने पेडल दाबायचा आणि प्रेस खाली यायची. "हां"च्या आधी पाय पडला तर हात गेला. आमच्या भागात प्रेस शॉपमधली निम्मी माणसं बोटं कमी असलेली होती. या दोघांची जोडी वर्षानुवर्षांची. काम इतकं जमलेलं की माझा नवरा कधीकधी हात पूर्ण बाहेर यायच्या आधीच "हां" म्हणायचा, म्हणजे माल जास्त निघायचा.

संध्याकाळी जोडीदार आमच्या घरी आला. आत आला नाही. नवरा बाहेर गेला होता. मी म्हटलं, "भाऊजी, बसा."

"बसत नाय. वहिनी, त्याला सांगा, उद्या मशीन बदलून घे म्हणावं."

"का?"

"आपलं लय वर्षांचं हाय. म्हणून सांगायला आलो."

"तुम्ही काही करणार आहात का?"

तो निफाडकडचा शेतकऱ्याचा मुलगा, मनाने साधा. म्हणाला, "मी नाय करणार. पण दुपारपासून समदे मला विचारतात, उद्या तू त्याचं हां ऐकणार का? हसतात आन विचारतात. माझं डोकं ठिकाणावर नाय. पाय ठिकाणावर राहील का, मला माहीत नाय."

"गोल बरोबर होता ना? तुम्हीही खोबरं खाल्लं होतं."

"व्हता. बरोबर व्हता म्हणूनच तर लय राग येतो."

नवरा आल्यावर मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. तो जेवत होता. म्हणाला, "मशीन बदललं तर लोक म्हणतील, चुकला म्हणून पळाला."

"आणि नाही बदललं तर?"

"तो करणार नाही."

"तो स्वतः सांगून गेला की त्याला माहीत नाही. तुम्हाला कसं माहीत?"

त्याने ताट सरकवलं आणि हात धुतले. मी हातांकडे पाहिलं. दहा बोटं. त्या घरात कमावणारे तेच हात होते, टपरीच्या पैशांवर काय घर चालत नव्हतं.

सोमवारी पहिली शिफ्ट. तो गेला. मी टपरी लावली. जुन्यांच्या बाकावर कोणी बसलं नाही, त्यांच्यातले दुसऱ्या शिफ्टचे सकाळीच येऊन दूर झाडाखाली उभे राहिले आणि शेडकडे बघत राहिले, कसली तरी वाट बघितल्यासारखे. मोठ्या प्रेसचा आवाज गेटपर्यंत यायचा, जमिनीतून यायचा, ग्लासातला चहा हलायचा. एरवी मला तो ऐकूही येत नसे. त्या दिवशी मी त्याच आवाजाची वाट बघत होते. भोंगा झाला. बाकीच्या मशीन सुरू झाल्या. मोठी प्रेस सुरू झाली नाही.

मग एक ठोका पडला. एकच. त्यानंतर काही नाही.

झाडाखालचा एक जण म्हणाला, "झालं बहुतेक." मी चहा उतरवून ठेवला आणि गेटवर गेले. वॉचमनने अडवलं. "मावशी, ॲम्ब्युलन्स बोलावलेली नाही. म्हणजे काही नसेल." हे तो मला धीर द्यायला म्हणाला, पण ॲम्ब्युलन्स हा शब्द त्याच्याही तोंडाशीच होता.

काय झालं ते मला नंतर कळलं. माझ्या नवऱ्याने पहिला पत्रा ठेवला, हात काढले, "हां" म्हणाला, पाय पडला. सगळं व्यवस्थित. दुसरा पत्रा ठेवला, हात काढले, आणि त्याच्या तोंडातून शब्द निघेना. "तो करणार नाही" म्हणणारा माणूस तिथे उभा राहिला, हात छातीशी धरून. जोडीदारानेही पाय पेडलवरून उचलून मागे घेतला. दोघं तसेच उभे. सुपरवायझर येऊन ओरडला तेव्हा जोडीदार म्हणाला, "साहेब, याचा माझ्यावर भरवसा नाय. माझापण माझ्यावर नाय."

सुपरवायझरकडे दुसरी माणसं नव्हती. त्याने इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्या प्रेसवर मुळात पेडल नव्हतंच, दोन्ही बाजूंना दोन-दोन बटणं होती, दोन्ही माणसांचे चारही हात बाहेर बटणांवर असतील तरच प्रेस खाली यायची. वेळ फार जातो म्हणून कधीकाळी ती तोडून पेडल बसवलं होतं. पेडलच हवं, यावर आता दोन्ही युनियनचं एकमत होतं. त्या दिवशी बटणं पुन्हा जोडली.

माल कमी निघायला लागला, त्यावर मिळणारे जादा पैसेही कमी झाले. प्रेस शॉपमध्ये दोन्ही बाकांवरची माणसं त्याबद्दल माझ्या नवऱ्याला शिव्या द्यायला लागली, नवीनवालेसुद्धा. पुढच्या वर्षी दोन्ही हाफला नवाच नियम लावला, काही वाद झाला नाही, आणि झेंडा दुसऱ्या कोणाला दिला. मला कोणी विचारलं तर मी सांगते, बरं झालं. मैत्री गेली, पण हात राहिले. मैत्रीवर पत्रा कापत बसले असते तर कधीतरी एकाचे गेलेच असते.

ते दोघं निवृत्त होईपर्यंत त्याच प्रेसवर समोरासमोर उभे राहिले. पत्रा ठेवायचा, मागे सरायचं, एकमेकांच्या हातांकडे बघत बटणं एकदम दाबायची. बोलायचं नाही. कोणाचा एक हात मागे राहिला तर प्रेस हलत नसे, मग पुन्हा दाबायचं. गेटवर मला आवाज यायचा तो पूर्वीसारखा सलग नव्हता. मध्येच थांबायचा, आणि पुढचा ठोका येईपर्यंत मी चहा गाळत नसे.