चेअरमनच्या हाताचा गुण

सोनाजीला कुणी गरीब बिचारा म्हटलं असतं तर तो भांडायला उठला असता. बौद्धवाड्यातला मॅट्रिक पास, हिंगोलीकडच्या गोरेगावच्या शेतकरी सोसायटीचा सेक्रेटरी, अंगात इस्त्रीचा शर्ट, आणि समोरच्याची चूक दिसली की ती गिळून गप्प बसणं त्याला जमत नसे. मी शेजारच्या जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होतो. दुपारी हात रिकामे झाले की त्याच्या टेबलाशी जाऊन बसायचो. सोसायटीचे चेअरमन नागोराव मला पहिल्या दिवसापासून किळसवाणे वाटले. पानानं रंगलेल्या बोटांनी ते समोरच्याचा खांदा धरून बोलायचे आणि शेवट ठरलेला असायचा, "मी म्हन्लं ना, मंग झालं."

त्र्याहत्तर साल होतं. दुष्काळात लोकांनी घरचं बियाणंसुद्धा खाऊन संपवलं होतं. सोसायटी देईल तेच बी पेरायचं, आणि ते उगवलं नाही तर दुबार पेरायला कुणाकडे दाणा नव्हता. तांड्यावरचा वसराम दर बाजाराच्या दिवशी सोनाजीकडे यायचा. "सेक्रेटरी, बी चांगलं द्या बरं. औंदा फसलो तं लेकरं घेऊन ऊस तोडाया जाणं हाय."

नागोरावांनी हिंगोलीच्या मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, एका व्यापाऱ्याकडून हायब्रीड ज्वारी आणली. दोन दाणे दाढेखाली फोडले, "कडक हाय," म्हणाले आणि तिथंच थुंकले. झाली परीक्षा.

सोनाजी सरकारी ट्रेनिंगमध्ये उगवण पाहायला शिकला होता. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवायचे, चार-पाच दिवसांनी उघडायचे आणि मोड आलेले मोजायचे. त्यानं तसं केलं. निम्म्याहून जास्त दाणे कुजून बुळबुळीत झाले होते. तो गोणपाट घेऊन थेट चेअरमनपुढं गेला.

नागोराव खुर्चीसकट मागं सरकले. "दूर धर ते. तुह्या हातानं बांधल्यावर काय उगवन?"

भोवतीची चार माणसं हसली. सोसायटीचे डायरेक्टर होते ते, त्यांनाही तेच बी पेरायचं होतं, तरी हसले. रोज जनावरांच्या जखमांतल्या अळ्या काढणारा मी, पण मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

"सोड ना," मी सोनाजीला म्हणालो. "पेरू दे त्यांना घाण."

"नागोराव काय उपाशी मरते? मरन वसराम," तो म्हणाला. "इथं आकडा खरा का खोटा ते नंतर. कोणी मोजला ते आधी पाहतेत."

दुसऱ्या दिवशी त्यानं नागोरावांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. "चुकलं माझं, साहेब. गुण तुमच्या हाताला हाय. तुमीच बांधा. एका गोणपाटात मोंढ्याचं बी, दुसऱ्यात सरकारी फार्मवरचं. हात तोच, बी तेवढं येगळं." मला त्याच्या तोंडची ती भाषा ऐकवेना.

मारुतीच्या पारावर गावादेखत नागोरावांनी दोन्ही गोणपाट बांधले. सोनाजी खाली उन्हात उभा. पाचव्या दिवशी उघडले तर फार्मच्या बियाण्याला पांढरे टपोरे मोड, आणि मोंढ्याच्या बियाण्याचा नुसता चिखल. नागोरावांचा चेहरा पडायच्या आत सोनाजी मोठ्यानं म्हणाला, "पाहा, साहेबाच्या हाताला गुण हाय म्हणून तं हे उगवलं. बाकी व्यापाऱ्यानं फसवलं."

मोंढ्याचं बी परत गेलं, फार्मचं आलं. तांड्यावर वसरामची ज्वारी डोक्याएवढी झाली. दिवाळीनंतर सत्कार झाला तो नागोरावांचा, फेटा आणि नारळ देऊन. मी सोनाजीला म्हणालो, "लाज वाटत नाही?" तो म्हणाला, "पेरा साधला का न्हाई?"

पुढच्या जूनमध्ये पुन्हा मोंढ्याचीच पोती आली. नागोराव गोदामात गेले आणि पोत्यांवरून हात फिरवून बाहेर आले. सोनाजीनं गोणपाट पुढं केला.

"गुण हातात हाय, मंग गोणपाट कशाला?" नागोराव म्हणाले. "तूच म्हन्ला व्हता."

सोनाजीनं एक पोतं उघडून आपल्यापुरती परीक्षा केली. दाणे कुजले. तो तांड्यावर जाऊन वसरामला ते दाखवून आला. "हे पेरू नको. मी फार्मवरून आणून देतो."

वसराम वाकून वाकून पाहत राहिला. "तुमी बांधलं व्हतं ना? साहेबानं बांधलं असतं तं उगवलं असतं," तो म्हणाला आणि सोसायटीचं बी घेऊन गेला. सगळ्यांनीच नेलं.

रानं उघडीच राहिली. लोक सोसायटीपुढं जमले तेव्हा मला वाटलं, आता तरी कुणी नागोरावांची गचांडी धरेल. मी बघायला उभा राहिलो. नागोराव ओट्यावर आले, पिंक टाकली आणि शांतपणे विचारलं, "माझा हात फिरल्यावर पोतं कोणी उघडलं?"

सगळ्यांच्या माना सोनाजीकडे वळल्या. ज्याच्यासाठी त्यानं ते पोतं उघडलं होतं तो वसराम पुढंच उभा होता. त्यानं सोनाजीकडे पाहिलंही नाही.

"यानंच उघडलं," तो म्हणाला. "मले दाखवाया आणलं व्हतं."