रोहूची ओटी

माझ्या लग्नात आमच्या आजीने एका रोहू माशाची खणानारळाने ओटी भरली. तिचा यात काडीचाही दोष नव्हता. सगळा दोष माझा.

आजी साताऱ्याकडच्या खेड्यातली. पहाटेची थंडगार अंघोळ आणि तुळशीला पाणी, हे तिने जन्मात चुकवलं नाही. पाऊणशे उलटल्यावर कलकत्त्याला आमच्याकडे आली, तीही तुळशीची कुंडी मांडीवर घेऊन. (आजोबा गावी म्हशीपाशी राहिले. त्यांना मांडीवर जागा नव्हती.)

मी बागबाजारच्या मिनतीशी लग्न ठरवलं, तेव्हा वडील म्हणाले, "आजी हो म्हणाली तरच."

आजीने एवढंच विचारलं, "मासे खातात का रे?"

"छे! वाससुद्धा सहन होत नाही त्यांना!"

बंगाली माणसांबद्दल, कलकत्त्यात राहून, देवघरासमोर उभा राहून मी हे बोललो! आजी "बरं" म्हणाली आणि मी सुटलो.

कसला सुटतो! हळदीच्या दिवशी नवऱ्या मुलाच्या घरून मुलीकडे नवरीसारखा नटवलेला मासा जातो, ही तिकडची रीत. मिनतीच्या वडिलांनी बजावलं होतं, "मासा आला नाही, तर नवऱ्या मुलानेही यायचं कारण नाही!" शेजारच्या बौदींनी, म्हणजे बंगाली वहिनींनी, हातभर लांब रोहूला लाल साडी नेसवली, डोक्यावरून पदर दिला, कपाळावर टिकली लावली आणि परात गुपचूप आमच्या बैठकीत ठेवली. वास लपवायला मी उदबत्त्यांचा अख्खा पुडा पेटवला. तिथेच घात झाला! उदबत्ती म्हणजे पूजा, आणि पूजा म्हटली की आजी हजर.

"अगबाई! ही कोण?"

तिला दिसायचं कमी. माझ्या तोंडून निघून गेलं, "मुलीकडची... कुलदेवी."

"आणि असा बघत काय उभा राहिलास? घाल साष्टांग नमस्कार!"

घातला. माशासमोर, नव्या कोऱ्या धोतरात, सगळ्या घरादारादेखत! बौदी तोंडात पदर कोंबून आत पळाल्या. आई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. आजीने हळदकुंकू वाहिलं, ओटी भरली, मग कनवटीची पुरचुंडी सोडून स्वतःची मोत्यांची नथ काढली आणि देवीच्या पदरात अडकवली.

"आजी, नथ कशाला?"

"आपल्या घरून जाणारी बाई लंकेची पार्वती दिसायला नको. चल, मीच पोचवते."

"तू? अगं, ऊन किती आहे!"

"देवीला लागत नाही, मग मला लागतं होय रे?"

हातरिक्षात आजी, तिच्या मांडीवर परात, आणि शेजारी घाम पुसणारा मी. मनातल्या मनात मी लग्न मोडल्याची बातमी मिनतीला कोणत्या शब्दांत सांगायची ते जुळवत होतो. बागबाजारला पोचताच बायकांनी जिभा हलवत मंगल उलूध्वनी केला. मिनतीची मावशी हसतमुखाने पुढे आली. तिच्या हातात हे एवढं मोठं पातं असलेली विळी! मी डोळे मिटून घेतले.

"थांबा!" आजी कडाडली. संपलं सगळं!

तिने परातीतला पदर चाचपला, नथ सोडवली आणि थेट मिनतीच्या हातात ठेवली. "ही सुनेची. मासळीला तेवढ्यापुरती दिली होती. आता खुशाल चिरा."

"आजी! तुला माहीत होतं?"

"डोळे गेलेत रे. नाक आहे ना?"

"मग ओटी का भरलीस?"

"तू कुठवर थापा मारतोस ते बघत होते. विष्णूचा पहिला अवतार कुठला?"

"मत्स्य."

"मी अवताराची ओटी भरली. तू मात्र माशाला कुलदेवी केलंस. आता पाप कुणाच्या माथी, ते तूच ठरव!"

आजी शंभरीला टेकली होती, तेव्हा गेली. शेवटपर्यंत तिने माशाचा तुकडा तोंडात घातला नाही, आणि मिनतीच्या पानातल्या तुकड्याला कधी नाकही मुरडलं नाही. एवढ्या मोठ्या मनाच्या बाईचा मी नातू, हे सांगताना आजही माझी छाती फुगते.

मी स्वतः? सासरच्यांनी आजवर खूप आग्रह केला, पण मला काही मासा खाता आला नाही. ताटात रोहू आला की घास घ्यायच्या आधी माझे हातच जोडले जातात!