कुंकवाची फुली

‘नाही’ हा शब्द माझ्या मामाने उभ्या आयुष्यात उच्चारला असेल तर तो झोपेत, आणि उच्चारल्यावर झोपेतच दचकून माफीही मागितली असेल. साताऱ्याच्या एका शाळेत तो ड्रॉइंग मास्तर होता आणि भाद्रपदाच्या आधीचे तीन महिने घरी गणपती करायचा. एकदा एकाच रविवारी त्याने तीन घरची जेवणं कबूल केली आणि तिन्ही घरी पोटभर जेवून आला. पुढचे दोन दिवस अंथरुणात. मामी कपाळाला हात लावून म्हणाली, “अहो, एका ठिकाणी तरी नाही म्हणायचं!” त्यावर पांघरुणातून आवाज आला, “म्हणणार होतो गं, पण त्यांनी पाट मांडला होता.” अगदीच नको असलेली गोष्ट पुढ्यात आली की मामा खाली बघायचा, डाव्या कानाची पाळी ओढायचा आणि गप्प बसायचा. ते त्याचं ‘नाही’. हे मामीला माहीत होतं, शेजाऱ्यांना माहीत होतं, आणि ट्रेनिंग कॉलेजसाठी त्याच्याकडे दोन वर्षं राहिलेल्या मला तर पक्कं माहीत होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मला कुणी भोळी समजायला नको.

मातीच्या बाबतीत मात्र हा मऊ माणूस भलता कडक व्हायचा. शाडू भिजवला की त्यावरच्या ओल्या गोणपाटाला कुणी हात लावायचा नाही. माणसांचे अर्धपुतळे करायचे ते हातानेच, साचा काढायचा नाही. एक चेहरा एकदाच करायचा, दुसऱ्यांदा देवाने मागितला तरी नाही, कारण “देवाने तरी कुठे दुसरा केलाय?” आणि डोळे अगदी शेवटी, सकाळी अंघोळ करून, श्वास रोखून. त्या वेळी घरात शिंकायची बंदी असे. मामीला एकदा सर्दी झाली होती, तर बिचारी सकाळभर शेजारणीकडे जाऊन शिंकली. एवढं करूनही एक दोष कधी सुटला नाही. जन्मभर गणपती केल्यामुळे मामाच्या हातून डोळे यायचे ते गणपतीचेच. शाळा तपासायला येणाऱ्या एका खडूस साहेबांचा अर्धपुतळा त्याने केला, तो इतका प्रसन्न झाला की साहेबांच्या मंडळींनी विचारलं, “छान आहे हो, पण हे कोण?”

ते दुसऱ्या लढाईचे दिवस. साताऱ्याच्या रस्त्यांवर खाकीच खाकी. गावोगावची पोरं पलटणीत गेलेली, कुणी रजेवर आलेलं, कुणी रजा संपवून निघालेलं. मामाने शिपायांचे वीतभर उंचीचे अर्धपुतळे करायचा नाद घेतला. मोटारींच्या अड्ड्यावर उभा राहायचा आणि चेहरा आवडला की त्या पोराला चहाला म्हणून घरी धरून आणायचा. ओसरीतल्या फळीवर असे सात-आठ वीर बसले होते, सगळ्यांच्या मिशा पिळदार आणि डोळे साक्षात मोदक बघितल्यासारखे. मामी म्हणायची, “असल्या डोळ्यांनी हे लढायचे कसे?” मामा म्हणायचा, “समोरचाच लाजेल.”

महादूला मात्र मामाने आणलं नव्हतं, तो आपला आपणच आला. चैत्राचे दिवस होते. तारेने माती कापताना मामाने स्वतःचा अंगठाच कापला. मामीने असा टाहो फोडला की रस्त्याने चाललेला एक शिपाई वळकटीसकट ओसरीत शिरला. उंब्रजचा होता, दहा दिवसांच्या रजेवर घरी निघालेला. पलटणीत तो बंदुकीवर नव्हता, जखमी उचलून आणायचे आणि त्यांची मलमपट्टी करायची हे त्याचं काम. त्याला सगळे पलटणीतला कंपौंडर म्हणत. आल्या आल्या त्याने मामाला खाली बसवलं आणि दटावलं, “हलू नका मास्तर. आवं, खुराला पत्री ठोकताना बैल बी येवढा हलत न्हाई!” मामा अंगठ्याकडे बघतच नव्हता. तो पट्टी बांधणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बसला होता. पट्टी झाली आणि मामा म्हणाला, “आता तू बस. तुझा पुतळा करतो.”

“माजा? माजं त्वांड कशाला करताय? बंदूकवाल्याचं करा की.”

“बंदूकवाले फळीवर मावेनासे झालेत,” मामा म्हणाला.

महादू बसला. उंब्रजची मोटार गेली, दुसऱ्या दिवशीची पण गेली. दहा दिवसांच्या रजेतले दोन दिवस तो आमच्या ओसरीत गपगार बसून होता. मामीने न राहवून विचारलं, “अरे, तुला कंटाळा नाही का येत?” तो हसला. “बरं वाटतं की. हितं कोण वरडत न्हाई.” त्यावर मामीने त्याला गुळपोळी वाढली आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

आणि काय सांगू, तो पुतळा साधला! पट्टी बांधलेला अंगठा वर धरून मामाने डोळे काढले आणि जन्मात पहिल्यांदा ते गणपतीचे आले नाहीत. दुसऱ्याच्या जखमेकडे बघणाऱ्या माणसाचे आले, जरा बारीक झालेले, काळजी करणारे, आणि तरी न घाबरलेले. अर्धपुतळा खरा तर छातीशी संपतो, पण महादूच्या दंडावर कंपौंडरची लाल फुली होती आणि ती दाखवायचीच म्हणून मामाने डावा हात कोपरापर्यंत केला. आता लढाईपायी बाजारात तांबडा रंग मिळेना. मामाने सरळ मामीच्या करंड्यात बोट घातलं आणि कुंकवाची फुली काढली. मामी ओरडली, “अहो, माझं कुंकू पलटणीला?” मामाने कानाची पाळी ओढली, पण फुली काही पुसली नाही.

माती ओली होती, वाळायला महिना लागणार, म्हणून महादूला पुतळा बरोबर नेता आला नाही. निघताना म्हणाला, “आईनं फोटू काढ म्हून लय टुमनं लावलंय. तिला सांगतो, साताऱ्यात माजं त्वांड ठिवलंय. फिरून आलो की न्हेतो.” मामा त्याला अड्ड्यापर्यंत पोचवायला गेला. अंगठा बरा झाला तरी ती पट्टी मामाने पुढे दीड महिना सोडली नाही. “इतकी सुरेख बांधलीय, सोडवत नाही,” म्हणायचा.

आता माझा पराक्रम ऐका. आषाढात मला सांगलीच्या एका मुलींच्या शाळेत नोकरी लागण्याचा रंग दिसू लागला. शाळेचे अध्यक्ष वकील होते आणि त्यांना अर्धपुतळे जमवायचा शौक होता. भेटायला गेले तर दिवाणखान्यात काचेचं कपाट, त्यात परदेशी राजे, दाढीवाले तत्त्वज्ञ, सगळे पांढरेफटक. माझ्या डोक्यात लगेच किडा वळवळला. मी साताऱ्याला येऊन मामाला म्हटलं, “मामा, हा महादू मी सांगलीला नेते. वकीलसाहेब खूश होतील.” मामाने खाली बघितलं. डाव्या कानाची पाळी ओढली. गप्प बसला. मी म्हटलं, “मग नेऊ ना? तू काही नाही म्हणत नाहीस, म्हणजे नेते हं.” आणि धोतराच्या फडक्यात गुंडाळून महादूला ट्रंकेत घातलं. फळीवरचा दुसरा कुठलाही मोदकडोळ्या चालला असता. पण मला चांगला हवा होता ना!

नोकरी मिळाली. पुतळ्यामुळे मिळाली की नसता दिला तरी मिळाली असती, हे आजतागायत मला कळलेलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी साताऱ्यात होते, तेव्हा एक बाई ओसरीच्या पायरीशी येऊन उभी राहिली. हिरवं लुगडं, अनवाणी पाय, हातात शेंगांची पिशवी. “आवं मास्तर, मी उंब्रजची, महादूची आई. सरकारी कागद आलाय. तलाठ्यानं वाचून दाखिवला.” पुढचं तिला सांगावं लागलं नाही. मामीने तिला पाणी दिलं. पाणी पिऊन ती म्हणाली, “त्यानं सांगितलं हुतं, हितं त्येचं त्वांड हाय म्हून. घरात फोटू न्हाई. माज्या ध्यानात हाय तो, न्हाई असं न्हाई. पर सकाळी उठलं की जरा जरा सुटतो. येकडाव दावा, मास्तर. न्हेऊ द्या म्हणत न्हाई.”

मामा कानाची पाळी ओढत राहिला. मग म्हणाला, “सांगलीला ठेवलाय. आणून ठेवतो. आठ दिवसांनी या, घेऊनच जा.” माझ्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. त्याने बघितलं असतं, चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी सांगलीला वकीलसाहेबांच्या घरी. कपाटात राजे होते, तत्त्वज्ञ होते, महादूची जागा रिकामी. वकीलसाहेबांच्या पत्नी फार मायाळू बाई. मला बसवून, चिवडा पुढे ठेवून त्यांनी सांगितलं, “अगं, तुझ्या त्या मूर्तीची गंमतच झाली. पुसताना कामाच्या बाईच्या हातून कानाचा टवका उडाला. मी उचलून बघते तर दंडाचा रंग हाताला लागला. वास घेतला, तर कुंकू! म्हणजे पुजलेली मूर्ती गं ती, आणि आम्ही काचेच्या कपाटात शोभेला ठेवलेली! त्यातून भंगलेली. अशी घरात कशी ठेवायची? अनंत चतुर्दशीला आमच्या गणपतीशेजारी पाटावर बसवली, हळदकुंकू वाहिलं, आरती केली आणि कृष्णामाईत पोचवली. अगदी यथासांग हं.” मग जरा पुढे वाकून त्यांनी हळूच विचारलं, “कुठला देव होता गं तो?”

चिवडा तसाच टाकून मी उठले.

साताऱ्याला येऊन मामाला सगळं सांगितलं. त्याने एवढंच विचारलं, “आरती केली म्हणतेस?” मी हो म्हटलं. “बरं केलं,” म्हणाला आणि शाडू भिजत घातला. एक चेहरा एकदाच, हा जन्माचा नेम त्याने मोडला. पाच दिवस जेवणाखाणाची शुद्ध नव्हती. नाक करायचा, मोडायचा, हनुवटी करायचा, मोडायचा. फुली परत कुंकवाचीच काढली, या वेळी मामीने स्वतः करंडा पुढे केला. सहाव्या दिवशी सकाळी त्याने श्वास रोखून डोळे काढले. मी लांबून बघितलं. डोळे गणपतीचे आले होते.

आठव्या दिवशी महादूची आई आली. हात पदराला पुसून तिने तो पुतळा अजून ओलसरच होता तसा हातात घेतला, उजेडाकडे धरला, आणि बराच वेळ बघत राहिली. मग विचारलं, “मास्तर, ह्योच का त्यो? त्यानं सांगितलेला?”

एक ‘हो’ पुरला असता. उभा जन्म ज्याने प्रत्येकाला हो म्हटलं, त्याला हे एक हो काय जड होतं? मामी पदर तोंडाला लावून त्याच्याकडे बघत होती. मामाने कानाला हात लावला नाही. मान वर केली आणि म्हणाला, “नाही. तो नाही हा. तो माझ्या हातून गेला, बाई. हा नंतर केलाय, आठवून. साधला नाही. त्याच्या रजेतले दोन दिवसही मीच खाल्ले. ते तुमचे होते.”

माझ्या हातून गेला, असं म्हणाला तो. मी तिथेच, दोन हातांवर, खांबाला टेकून उभी होते. ‘मामाच्या नाही, माझ्या हातून’ एवढं बोलायला काय लागलं असतं? मी खाली बघितलं आणि गप्प बसले.

बाईने पुतळ्याच्या गालावरून बोट फिरवलं. “व्हय, माजा न्हाई ह्यो. मला वाटलंच,” ती म्हणाली. “पर कुणाचा तरी आसंलच की. न्हेते ह्येला.” आणि शेंगा मामीच्या ओटीत रिकाम्या करून तिने तो पुतळा पिशवीत न घालता पदराखाली घेतला.

मी तिला अड्ड्यापर्यंत पोचवायला गेले. वाटेत शंभरदा तोंड उघडलं, शंभरदा मिटलं. मोटारीत चढताना तिने माझा हात धरला आणि म्हणाली, “पोरी, तुजा मामा लय गरीब मानूस हाय. त्येच्या हातनं गेलं म्हून त्येला बोलू नगंस हां.”

“नाही बोलणार,” मी म्हणाले. तेवढंच म्हणाले.