मरणाऱ्याच्या तोंडचं भाषण

पलटणीतून सुटल्यावर माझी पहिली पोस्टिंग अंधेरीत झाली. तिथल्या एका स्टुडिओत काश्मीरच्या लढाईवर चित्रपट निघत होता. चाळीस एक्स्ट्रांना शिपाई बनवायचं काम मला मिळालं. बहुतेक जण कोकणातले, गिरणीत बदली कामगार. रोज ०६:०० ला फॉल-इन. आठ दिवस ड्रिल. स्फोट झाला की जमिनीला चिकटायचं, हे मी त्यांच्या हाडात मुरवलं.

नवव्या दिवशी ११:१० ला हल्ल्याचं शूटिंग सुरू झालं. दारूकामवाल्याने बार जरा लवकर उडवला. सवयीने माझ्या तोंडून निघालं, "डाऊन!"

चाळीसच्या चाळीस सपाट. झेंडा घेतलेला हिरो एकटा उभा.

"कट," दिग्दर्शक म्हणाले. "यांना कोणी झोपवलं?"

"मी, सर."

"अरे, हल्ला आहे. वामकुक्षी नाही."

"सर, उभा राहील तो मरेल."

"त्याला मरायचंच आहे. चार मिनिटं भाषण करून."

ते भाषण मी वाचलं होतं. मी चळवळीची पत्रकं वाचत, वाटत वाढलो; भाषणाचं मला वावडं नाही. पण लढाईत नसलेल्या माणसाने ते मरणाऱ्याच्या तोंडात कोंबावं, हे मला मान्य नव्हतं. नोकरी गेली तर जाऊ दे, म्हणून बोललो.

"सर, आमच्या सेक्शनचा लान्स नायक शिवराम सावंत झऱ्यावर पाणी आणायला गेला होता. परतताना गोळी लागली. मी पोचलो तेव्हा एवढंच म्हणाला, 'पाणी भरलंय. घेवन जा.'"

जमिनीवरून एका एक्स्ट्राचा आवाज आला, "उस्ताद, आता तरी उठूक सांगा."

सगळे हसले. हिरोने झेंडा खाली ठेवला. "झकास. ते भाषण माझं पाठच होत नव्हतं, यार."

"एक टेक याच्या पद्धतीने," दिग्दर्शक म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "बिघडलं तर तू घरी."

१२:२५ ला टेक झाला. हिरोच्या हातात झेंड्याऐवजी पाण्याच्या बाटल्या. तो पडला, तेवढंच वाक्य बोलला. कॅमेरा थांबला तरी लाईटवाला दिवा बंद करायचं विसरला. दिग्दर्शकांनी भाषणाच्या कागदाची घडी करून खिशात ठेवली.

"जमलं का रे?" हिरोने विचारलं.

"जमलं, सर. फक्त शिवराम एवढा देखणा नव्हता."

तो देवगडकडचा. दात पुढे. पत्त्यांत लबाडी करायचा आणि पकडला गेला की आधी स्वतःच हसायचा. वय तेवीस. त्याला गोळी लागली त्या दुपारी आम्ही सगळे त्याने भरलेलं पाणी प्यायलो.