पावणेदोनचा आटा

रूथमावशींना पाण्याची बाटली दिली की त्या आधी झाकणाचे आटे बघायच्या, पाणी मग. सणसवाडीच्या कारखान्यात आम्ही दोघं बोल्ट तपासायचो. त्या शिरूरच्या, एकट्याच राहायच्या आणि माझ्याहून बऱ्याच मोठ्या. मी दौंडचा, आठवडाभर शिरूरला खोलीवर, शनिवारी घरी.

त्यांच्या पिशवीत बायबलशेजारी पोलादी पात्यांची एक फणी असायची. प्रत्येक पात्याचे दात वेगळ्या अंतराचे. आट्यांवर पातं टेकवून त्या खिडकीकडे धरायच्या. "मधनं उजेड दिसला की न्हाई म्हणायचं. जाडी सारखी असून भागत न्हाई, दात जुळाय पायजेत."

दौंडला आमच्या गल्लीत शमुवेलआप्पांचं नटबोल्टचं दुकान. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. नाताळला मी मावशींना घरी जेवायला बोलावलं, तिथे आप्पांनी त्यांना पाहिलं आणि पुढच्याच रविवारी माझ्या हातात एक बोल्ट ठेवला. "मावशींकडनं मोजून आण. गिऱ्हाइकाचा ट्रॅक्टर रानात उभा हाय."

"फोटो पाठवतो की आप्पा."

आप्पा दचकले. "फोटोत आटे मोजता येत्यात व्हय?"

मावशींनी मोजला. मी निरोप पोचवला, "बारा मिलिमीटरचा बोल्ट, आटा पावणेदोनचा."

"आन्?"

"आन् काय?"

"हसल्या का?"

"थोड्या."

आप्पांनी मला जिलेबी खिलवली आणि दुसरा बोल्ट दिला. मग दर आठवड्याला बोल्ट, दर आठवड्याला जिलेबी. डबा उघडण्याआधी प्रार्थना करणाऱ्या बाईला मी खोट्या ट्रॅक्टरची थाप मारतोय, या विचारानं मला झोप लागेना. जिलेबी मात्र खात होतो.

अशात मावशींची निवृत्ती जवळ आली. त्या भाच्याकडे नगरला कायमच्या जाणार होत्या. ते ऐकून आप्पांची जिलेबी हातातच राहिली. त्यांनी आणखी एक बोल्ट दिला.

तो मावशींपुढे ठेवताना माझा धीर सुटला. "मावशी, माफ करा. रानात ट्रॅक्टर-बिक्टर काही नाही."

मावशी इतक्या हसल्या की टेबलावरची मापं खणखणली. "आरं खुळ्या, ह्योच बोल्ट कितींदा आलाय! तिसऱ्या आट्याचा टवका उडालाय बघ. एकदा काळा रंग फासून आला, एकदा घासून."

"मग दर वेळी मोजत का होता?"

"मोजल्याबिगर माघारी कसा धाडायचा?"

त्यांनी एक नट शोधला, पदरानं पुसला, बोल्टासोबत कागदात बांधला. "आप्पांना म्हणावं, पाना लावायचा न्हाई. हातानं शेवटपत्तुर चढला, तर भाच्याला कळवते, येत न्हाई म्हणून."

शनिवारी दौंडच्या एसटीत वरवंड आलं आणि मला राहवेना. पुडी सोडली, नट बोल्टाच्या तोंडाशी नेला. मग शरम वाटली. हे फिरवणं माझं नव्हतं. तसाच बांधून ठेवला.

दुकानात निरोप ऐकताच आप्पा नट फिरवायला लागले. बोटं तेलकट, कपाळाला घाम. "चढंना रं! जुळंना आमचं!"

"आप्पा, उलटा फिरवताय."

नट सरसर शेवटपर्यंत गेला. आप्पा भर दुकानात गिऱ्हाइकांसमोर नाचले, आणि देवाशपथ सांगतो, मीही नाचलो.

तपासणीच्या टेबलावर आता मी एकटाच असतो. जिलेबीही बंद झाली. पण रविवारी दुकानावर जातो. मावशी गल्ल्यावर असतात, आप्पा मागे खोकी उचलतात. एखादा खरा शेतकरी घाईघाईनं येतो, "लवकर द्या, ट्रॅक्टर रानात उभा हाय," म्हणतो, आणि आम्ही तिघं का हसतोय ते त्या बिचाऱ्याला कळत नाही.